एफी मावशीचे दात

पाकिटामागे छापलंय ते वेगळं:
साहेब बेल्जियमला गेले, तिथे त्यांना सुचलं.
सुचलं असेल. साहेबांना प्रवासात बरंच सुचायचं.

पण ग्लासगोत, नदीकाठच्या त्या कारखान्यात
एफी मावशी पाकिटं बांधायची.
लग्न ठरलं तसे बापाने तिचे सगळे दात काढवून घेतले,
वरचे-खालचे, एका शनिवारात.
पुढे नवऱ्याला खर्च नको, म्हणून आहेर.
तिकडे तेव्हा रीतच होती तशी.

कवळी यायला सहा आठवडे.
तेवढ्यात नव्या बिस्किटाचा नमुना निघाला.
फोरमन मॅकफेल एकेकीच्या तळव्यावर ठेवत गेला.
बाकीच्या म्हणाल्या, छान.
एफीने ते हिरड्यांत धरलं जरा वेळ
आणि एप्रनवर काढून ठेवलं,
अख्खं.
"दगड," ती म्हणाली. म्हणजे तसंच काहीतरी,
शब्द नीट उमटत नव्हते.

मॅकफेल हसला नाही.
रात्री थांबून त्याने लोणी वाढवलं,
दोन पातळ चकत्यांत क्रीम भरलं.
सकाळी पुन्हा तिच्यापुढे. पुन्हा नाही.
अकराव्या दिवशी तिने गिळलं
आणि हात पुढे केला.

चॉकलेट मागाहून आलं,
वर उठलेले बोटांचे ठसे झाकायला.

आता धडधाकट बत्तिशीची माणसं
डोळे मिटून म्हणतात, कसं विरघळतं!

मावशीला विचारलं तर नाक मुरडायची.
कवळी बसली त्या दिवशी
ड्रॉवरातलं ते पहिलं, दगडी,
तिने जिन्यात उभं राहून खाल्लं होतं,
कडाकडा,
खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असं.