विल्फची वाट

तिसरी रोझमेरीही मार्चमध्ये गेली.
वरून हिरवीगार. धरून जरा ओढली
तर हातातच आली,
मातीने तिला कधी धरलंच नव्हतं जणू.
मुळांना वास, फुलदाणीत पंधरा दिवस राहिलेल्या पाण्याचा.

'थंडीनं गेली,' विल्फ म्हणाला, शेडच्या दारातून,
थर्मासचं झाकण फिरवत.
बेरिलच्या सदतीस नंबरात
हीच रोझमेरी कमरेला लागते.
थंडी काय तिचा प्लॉट वगळून पडते?

हलच्या या कडेला जमीन
भिजली की साबण, वाळली की कौल.
पहिल्या वर्षी मी वाळू मिसळली,
कुणीतरी सांगितलं म्हणून, सोळा बादल्या.
ऑगस्टमध्ये त्या वाफ्यातून विटा काढून
विकता आल्या असत्या.
दुसऱ्या वर्षी सेज पिवळा पडला, थाईम काळा.
पुदिना तेवढा माजला. त्याला काय,
तो गटारातही संसार थाटेल.

एकोणचाळीसचा झ्जिस्वाव
(दोन वर्षं मी त्याला नुसतं 'शेजारी' म्हणत होते,
नाव जिभेवर बसेपर्यंत)
फावडं घेऊन आला.
दीड-दीड फुटाचे तीन खड्डे खणले:
एक वर, एक वाटेला लागून, एक वाटेपलीकडे.
प्रत्येकात बादलीभर पाणी.
'आता घरी जा,' म्हणाला.

सकाळी पलीकडचा खड्डा कोरडा.
वरच्यात तळाशी ओल.
वाटेलगतच्या खड्ड्यात पाणी काल होतं तिथंच,
वर एक बुडालेली गोगलगाय.
आमच्याकडे संशय आला की म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय.
इथे ते मुरत नव्हतं, आणि संशय
मला तरीही आला.
झ्जिस्वावने वाटेकडे पाहिलं, मग शेडकडे,
मग कान खाजवला
आणि आपल्या बटाट्यांकडे गेला.

वाट विल्फची.
कॅरव्हॅनच्या कारखान्यातून त्याला घरी पाठवलं
त्या उन्हाळ्यात त्याने ती ओतली.
अकरा दिवस, गुडघ्यांवर, जुन्या उशा बांधून.
स्पिरिट लेव्हलच्या काचेतला बुडबुडा
बरोब्बर मध्ये येईपर्यंत
तो कुणाला चहाही विचारू देत नव्हता.
अख्ख्या अलॉटमेंटवर इतकी सपाट वाट नाही.
लोक येऊन बघून गेले होते.
मीही म्हणाले होते, सुंदर.
फूटभर खोल काँक्रीट,
आणि उतार केसाएवढाही नाही.

त्याला सांगितलं जेवताना, मटार वाढता वाढता.
त्याने मटार संपवले.
नऊ दिवस विषय नाही.
मी गुपचूप चार कुंड्या आणल्या,
थाईम कुंडीत लावायचं ठरवून टाकलं,
माणसं नाहीत का राहत फ्लॅटमध्ये.

गुरुवारी बसमधून उतरले तर घणाचा आवाज.
अख्खी नव्हती फोडली. मधोमध दोन हात.
कडा छिन्नीने सरळ करून घेतलेल्या,
फोडतानाही त्याच्याच्याने वाकडं होईना.
तुकडे घमेल्यात भरून
माझ्या वाफ्याच्या बुडाशी रचत होता,
मोठे खाली, बारके वर.
'यावर खडी,' म्हणाला, 'मग माती. वाफा उंच कर.'
माझ्याकडे न बघता.
मी खडी ओतली. उशा शोधून आणल्या,
एक त्याला, एक मला.

थाईम आता त्या वाटेवरच वाढतो, एका अर्थाने.
रोझमेरीचं अजून सांगता येत नाही.
चौथी आहे, दबकून आहे.

काल रात्री मात्र जोराचा झाला,
आणि सगळं पाणी त्या दोन हातांतून
थेट बावन्न नंबरात, मिसेस ॲस्पिनॉलच्या कांद्यांत.
सकाळी सात वाजता तिची हाक, पूर्ण नावाने.

विल्फने शेडमधून लेव्हल काढली,
बाहीने काच पुसली.
'चर काढावा लागेल,' म्हणाला, 'खंदकापर्यंत.'
मग दारात थांबून:
'बुडबुडा या वेळी जरा
डावीकडे ठेवतो.'