तीनशे ऐंशी किलो

भंगारवाल्यानं काट्यावर चढवलं तेव्हा
ते यंत्र नव्हतं, आकडा होता.
तीनशे ऐंशी, गुणिले चौतीस.
‘बिडाचाच भाव लावतो, ताई.
पण न्हेऊन करणार काय?’
‘करतो की कायतरी,’ म्हणाले मी.
आमच्या पेठेत बायका अशाच बोलतात.
पोस्टाच्या खिडकीत तेहतीस वर्षं
ते ‘करतो’ गिळून ‘करते’ म्हणत काढली.

टेम्पो बोळाच्या तोंडाशीच अडकला.
पुढं पाइपांवरून ढकलत,
चार पोरं, एक पहार
आणि सगळ्या गल्लीचे सल्ले.
न्हाणीशेजारच्या खोलीत शिरताना
उंबऱ्यालगतची फरशी गेली.
इंदुताई डोकावल्या, ‘मशीन घेतलंस म्हणे? शिवणाचं?’

मग रॉकेल. मग तारेचा ब्रश.
मग पुन्हा रॉकेल.
हिरव्याखाली करडा, करड्याखाली निळा,
कुणाच्या तरी रुखवतातल्या ट्रंकेसारखा.
नावाची पट्टी आधीच कुणी उपसून नेलेली,
रिव्हेटांची दोन भोकं तेवढी शिल्लक.
खाचांतून जुनं ग्रीस निघत राहिलं
काहिलीवरची मळी काढावी तसं,
काढून संपली म्हणावं तर पुन्हा वर.

का घेतलंस, विचारतात.
वडील शेपरवर होते, असं सांगते.
खोटं नाही ते.
पण शिक्के मारायला बसायचे मी
तेव्हा माझा हातही असाच जायचा,
पुढं, मागं, पुढं, मागं,
आणि संध्याकाळी टेबलाखाली
झाडून काढावं असं काही नसायचं.

गौस शिकलगार रोज चारला येतात.
अठ्ठ्याहत्तर वय, डाव्या हाताला साडेतीन बोटं,
निम्मं आयुष्य उद्यमनगरात, असल्याच मशीनवर.
स्टुलावर बसतात. हात लावत नाहीत.
बशीत फुंकर घालत म्हणतात,
‘आवळू नको एवढं. बसू दे त्येला त्येच्या जागी.’

रॅम उतरवला त्या दिवशी
आतल्या मोठ्या चाकाचा एक दात
वेगळा दिसला. पिवळट.
मूळचा कधीतरी तुटलेला;
त्या जागी तीन पितळी खुंट्या ठोकून
कानशीनं घासत घासत कुणीतरी
शेजारच्या दातांत मिसळून जाईल असा
दात घडवला होता.
मी तर शिरोलीत नवीन गिअर सांगून आलेली,
निम्मे पैसे देऊन.
शिकलगारांनी चष्मा पुसला, वाकले,
नख फिरवलं त्या दातावरून.
मला वाटलं, आता म्हणतील, माझंच काम हे.
‘माझं न्हाई,’ म्हणाले.
‘मला इतकं जमलं नसतं.’
चहावर साय धरली.
शिरोलीचे पैसे बुडाले.

मोटार जोडायच्या आधी पट्टा हातानं ओढला.
जागचं हललं नाही.
दुसऱ्या दिवशी बोटभर.
तिसऱ्या दिवशी लाइट नव्हती, तरी ओढला,
आणि अंधारात काहीतरी
कुशीवर वळल्यासारखं सरकलं.

आता चालतं.
जाताना सावकाश, लोखंड कापत.
येताना रिकामं, म्हणून झपाट्यानं.
असंच बनवलेलं असतं, शिकलगार म्हणतात,
काम नसलेल्या वाटेवर वेळ कशाला घालवायचा.
मला वाटलं होतं
घरी परतताना पळायची सवय
माझी एकटीचीच.

पहिली साल निघाली निळसर, गुंडाळलेली.
उचलायला गेले, बोट भाजलं.
मंगळवारपासून एक पट्टी सपाट करतेय,
तिचं काय करायचं ते ठरलेलं नाही.
फुटकी फरशी बदललेली नाही.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला, एकदाच,
पितळेचा तो दात लागतो.
टक्.
बाकीच्या आवाजात ऐकू येणार नाही तुम्हाला.
शिकलगार बशी खाली ठेवतात,
मान तिरकी करतात,
‘आला,’ म्हणतात.