ग्रेलिंग पॉइंट, वरून

लोकवस्ती सहा हजार दोनशे चाळीस.
चर्चं तीन, सिग्नल एक,
शाळेच्या मैदानावरचे पांढरे पट्टे मला पाठ आहेत.
गाव मी पाहिलेलं नाही.
एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान,
तिथे बसून अकरा वर्षं
मी अमेरिकेतल्या या गावाची घरं काढते.
विमानातून घेतलेला फोटो, त्यावर माउस:
कोपरा, कोपरा, कोपरा, कोपरा, बंद.
एक घर झालं. घराचे तीन रुपये.

पहिल्या वर्षी परसापरसात एक काळं वर्तुळ दिसायचं.
मी ते विहीर म्हणून नोंदवलं.
एकेचाळीस विहिरी.
तपासणीला बसलेले मोघेसर हसता हसता खुर्चीतून उठले,
"शेलारबाई, पोरं उड्या मारतात हो त्याच्यावर!"
एकेचाळीस विहिरी पुसल्या.
मग हे लोक पाणी कुठलं पितात, ते विचारायची लाज वाटली.
टाकी नंतर सापडली,
गावाबाहेर, फिकट,
पाण्यापेक्षा जास्त सावली सांडणारी.

वरून माणूस दिसत नाही. सावली दिसते.
सोळा साली धक्क्यावर कुणीतरी उभं होतं,
टिंबाएवढं,
आणि सावली पार पाण्यात गेलेली.
चर्चच्या कळसावरून हिशेब केला: सकाळचे सव्वाआठ.
म्हणजे आपल्याकडे पावणेसहा,
मी म्हात्रे पुलावर असणार,
स्कूटरच्या हुकाला डब्याची पिशवी,
आणि पुढे पीएमटीचा धूर.

पूर्वेची बाजू दरसाल बदलते.
समुद्राची रेघ मी आत घेते,
कधी चार फूट, कधी नऊ.
तिकडचे लोक याला काय म्हणतात ठाऊक नाही.
आमच्या फाइलीत 'सुधारणा' म्हणतात.

शेवटची गल्ली हेरिंग लेन.
बारा घरं होती. नऊ झाली. मग सहा.
सात नंबरच्या परसात एक होडी, निळी, पालथी,
इतक्या वर्षांत कुणी उलथवली नाही.
निळा रंग दरसाल थोडा कमी व्हायचा,
मी आधी तेच बघायचे, मग कामाला लागायचे.
यंदाच्या फोटोत होडी आहे,
घर नाही.
गाडी लावायची सिमेंटची पट्टी आहे,
तिच्या टोकाला वाळू.

घर काढायला चार क्लिक, पुसायला एक.
पुसण्याचे पैसे मिळत नाहीत.

मी विठ्ठलवाडीला राहते, नदीकडच्या सोसायटीत.
खडकवासल्यातून पाणी सोडलं की ढमढेरे वॉचमन शिट्टी फुंकतो,
आम्ही नाइटड्रेसवर गाड्या चढावर नेऊन लावतो.
निळी रेषा म्हणे आमच्या जिन्यातूनच जाते.
लाल कुठून, यावर सभेत दोन तास भांडण झालं,
चहा झाला,
ठराव झाला नाही.
बिल्डरचा माणूस नकाशावर बोट ठेवून म्हणाला,
"ही रेघ कशी आलीय ते कुणालाच माहीत नाही, ताई."
मी गप्प बसले.
कशी आली असेल ते मला नीट माहीत होतं:
कुणीतरी खुर्चीत बसून,
जेवणाच्या सुट्टीच्या आधी,
घाईत.

शनिवारी काम द्यायचं होतं.
हेरिंग लेनची सहाची पाच केली.
होडी नोंदवायचा नियम नाही,
प्रकारांच्या यादीत घर, शेड, टाकी, विहीर, इतकंच.
तरी तिच्याभोवती फिरले,
कोपरा, कोपरा, टोकाशी थोडं थांबून, बंद.
आणि रकान्यात भरलं: विहीर.

मोघेसर निवृत्त झाले.
तपासणी आता संगणकच करतो.
अजून परत आलेली नाही.