छप्पन्न एपीओ

पस्तीस वर्षं मी गावचं डाकघर सांभाळलं.
एक टेबल, एक शिक्का, लाखेची कांडी,
आणि शाई सुकली की तिच्यात दोन थेंब पाणी.
दिगांबर काळमेघची अख्खी नोकरी
माझ्या हाताखालून गेली.

पहिली मनिऑर्डर दीडशेची.
संदेशाच्या जागी एवढंच : आई, म्हशीला ढेप आण.
मग लखोटे. मागच्या बाजूला
सेकंड लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर,
हुद्दा वाढला तसं अक्षर बारीक होत गेलं.
पत्ता मात्र तोच, छप्पन्न एपीओ.
त्याची आई विचारायची,
"हे छप्पन गाव हाये तरी कुठी?
थंडी लय पडते म्हनते,
अन् एका चिठ्ठीतून तं रेती निघाली."
मी सांगायचो, दूर आहे, मूर्तिजापूरच्याही पुढं.
ती मान हलवायची. मूर्तिजापूर तिनं पाहिलं होतं.

कर्नल झाला, पत्रं टाइप होऊन येऊ लागली,
खाली नुसती सही.
पुढल्या बढतीला सरपंचानं एसटीच्या थांब्यावर फलक लावला,
पेंटरनं त्याचा बिरगेडियर केला.
तो तसाच होता, पत्रा गंजेपर्यंत.

मग ती तार.
तारेमागून बारा दिवसांनी एक पत्र,
हातानं लिहिलेलं, अक्षर पुन्हा मोठं,
शाळेतल्या दिगूचं.
पण नाव त्याच्या आईचं नव्हतं.
पर्वताबाई इंगोले. शालिकची माय.

मी तिच्या ओट्यावर बसून वाचलं.
ती तूर पाखडत होती, सूप काही थांबलं नाही.
शालिक चांगला शिपाई होता : वाचलं.
त्याला फार वेळ त्रास झाला नाही : वाचलं.
पुढं लिहिलं होतं,
वाट मोकळी नाही असं वरच्या चौकीनं दोनदा कळवलं होतं,
तरी त्याला पाठवणारा मी होतो.
ही ओळ मी गिळली.
खाकरलो, आणि म्हणालो, "आपला, दिगांबर."
पर्वताबाई म्हणाली, चहा घेऊन जा.

लेफ्टनंट जनरल होऊन तो परत आला.
गुडघ्यात लोखंड, अडाणच्या काठी संत्र्याची चारशे झाडं.
पोरं विचारतात, आबा, किती मारले?
तो त्यांना एका खेचराची गोष्ट सांगतो,
पाठीवरचं ओझं उतरवल्याशिवाय
पाण्याला तोंड न लावणाऱ्या.

दर गुरुवारी तो पर्वताबाईकडे जातो.
चपला बाहेर काढतो,
एक पाय लांब करून जमिनीवर बसतो.
ती ज्वारीच्या कण्या वाढते, वर ताक.
एकदा परतताना माझ्या दारात थांबला.
"बाबाराव, सगळं माहीत असून
ती माझ्यापुढं ताट ठेवते.
एवढी छाती मी फौजेतही पाहिली नाही."
मी शिक्क्याचा पॅड शोधू लागलो.
निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली,
घरात कसला पॅड?

शालिकच्या भावाची नात, प्रांजली, सातवीत गेली यंदा.
परवा हापशीवर भेटली.
म्हणाली, आजीनं पेटीतला एक कागद काढलाय.
म्हणते, बाबारावचा आवाज
एका जागी अडकला होता त्या दिवशी,
तेवढी जागा वाचून दाखव मले.
मी विचारलं, मग वाचलीस?
तिची घागर भरून सांडत होती,
ती उचलून निघून गेली.

आज बुधवार.
माझ्या खिडकीतून इंगोलेंचा ओटा दिसतो.
उद्या दिवसभर मी तिथंच बसणार आहे,
जनरलच्या चपला
बाहेर किती वेळ राहतात ते पाहत.