पोळत नाही

सुनावणी शाळेच्या पडवीत.
पंखा एकच, तोही साहेबांकडे वळवलेला.
मी नकाशा भिंतीला दाबून उभी,
खाऱ्या हवेत चिकटपट्टी धरत नाही म्हणून.

साहेब म्हणाले, कार्बन. भट्टीच्या धुरातून पकडायचा,
पाण्यात विरघळवायचा,
कातळाखाली आठशे मीटर सोडायचा.
मागून कुणी विचारलं, "सोडा-लिंबूसारखा?"
पडवी हसली. उरलेल्या नऊ स्लाइड
उरल्या त्या उरल्याच.

नजमा दर्वे उठली : आमच्या विहिरी?
यशवंत जाक्कर उठला :
पन्नास वर्षांनी कंपनी नसेल, तुम्ही नसाल,
गळलं तर दार कुणाचं वाजवायचं?

या प्रश्नाला आमच्या फायलीत रकाना नव्हता.
खाणखातं पर्यावरणाकडे बोट दाखवतं,
पर्यावरण किनाऱ्याकडे,
किनारा विचारतो, जमीन कुणाची ते आधी ठरवा.
सातबारा वरच्या मातीचा.
आठशे मीटर खोलीचा सातबारा
अजून कुठल्या तलाठ्याने लिहिलाय?

मग भागीरथी शिवलकर.
खाडीकाठी शिंपल्यांचा चुना भाजणारी शेवटची.
विंधनातून निघालेला नमुना तिनं माझ्याकडून मागून घेतला,
काळा, दंडगोल, मधून पांढरी शीर.
नखानं खरवडली. जिभेला लावली.

"पोळत नाही. मुरलेला हाय ह्यो.
शिंपला भाजला की त्यातला वारा उडतो.
भितीला लावला की तोच वारा परत पितो
नि दगड होतो.
आमी वर करायचो, तुमी खाली करनार.
येवढंच ना?"

एवढंच.
तीन वर्षं मला हे सांगता आलं नव्हतं.

ती मात्र बसली नाही.
"भट्टी लागली की आमी रातभर जागायचो.
तुमची राखण कोन करनार?"

साहेबांनी पाणी प्यायलं.

इतिवृत्तात शेवटी आलं ते इतकंच :
चाचणीपुरती एक विहीर.
मापक गावाच्या ताब्यात.
रोजचा आकडा शाळेच्या फळ्यावर.
मोठी परवानगी अजून कुठल्याशा टेबलावर आहे,
कुठल्या, ते टेबलालाही ठाऊक नसावं.

आज सकाळी सुविचाराखाली वाचलं :
दाब, कालच्याइतकाच.
अक्षर यशवंत जाक्करचं.
त्याचा विश्वास नाही,
म्हणून तो रोज येतो.