मंगळवारची सुट्टी

चाळीस वर्षं आमची भट्टी फक्त मंगळवारी निवायची,
आणि कोल्मारचं ते संग्रहालयही
नेमकं मंगळवारीच बंद.
घरापासून अर्ध्या तासाची वाट.
जपानहून, ब्राझीलहून माणसं आली, बघून गेली,
आम्ही त्यांना पाव विकला
आणि रस्ता सांगितला.

आता दुकान विकलं. आज गुरुवार.
आर्माँनं लग्नातला कोट घातलाय, बटण लागत नाही.
म्हटलं, राहू दे,
देव काही बटणं मोजत नाही.

कालव्याकाठी लाकडी चौकटींची घरं,
पिवळी, डाळिंबी, एक तर अगदी मोरपिशी.
नव्यानं लग्न झालेल्या दोघांनी
याच्याच हातात फोन दिला, काढा म्हणाले.
फोटोत अर्धा कालवा
आणि अर्धा आर्माँचा अंगठा.
हसले बिचारे, थँक्यू म्हणाले.

मग ती वेदी.
जुन्या मठाच्या गार दालनात
खिळ्यांवर ताणलेला तो,
बोटं अशी वाकडी, जशी जानेवारीत
छाटून टाकलेली द्राक्षाची काडी.
अंगभर फोड. कातडी हिरवट.
माझी आई इस्पितळाचं धुणं धुवायची,
म्हणायची, दुखणं आधी चादरीला कळतं.
मला तीच आठवली.

मागच्या फळीवर मात्र बाळ आहे, हसरं,
फाटक्या फडक्यात धरलेलं,
आणि शेजारी चक्क न्हाणीचा टब, पाळणा, शू-शीचं भांडं!
मी आर्माँला कोपरानं ढोसलं.
तो ऐकत होता.

सोलेन नावाची काटकुळी मुलगी समजावत होती:
हे चित्र आजाऱ्यांसाठी काढलेलं.
त्यांच्या अंगात आग पेटायची,
बोटं काळी पडून गळायची.
राय धान्याच्या कणसात काळी बुरशी धरायची,
ती दळणात जायची, दळणातून पावात.
“म्हणजे पावामुळे?” कुणीतरी विचारलं.
“पावामुळेच.”

आर्माँचं गप्प बसणं मला पाठ आहे.
कणीक फुगेपर्यंतचं वेगळं,
हिशेब जुळत नसतानाचं वेगळं.
हे त्यांतलं नव्हतं.

जेवताना टोपलीत छोटासा काळा पाव आला.
त्यानं उलटा केला, बुडावर बोटानं टकटक केलं,
हुंगला.
“राय,” म्हणाला, आणि तसाच धरून राहिला.
सूप निवलं.
मग म्हणाला,
“त्याला तरी काय माहीत असणार गं, ओडील?
तोही रात्री दोनला उठला असेल.
ओल्या सालचं धान्य, पण गाव उपाशी,
निवडत कोण बसणार?
सगळे आहेत त्या चित्रात.
संत आहेत, कोकरू आहे, शिंगंवाले राक्षसही आहेत.
बेकर तेवढा नाही.”

मला काही सुचलं नाही.
पाव मोडला, लोणी लावलं,
अर्धा त्याच्या ताटलीत ठेवला.
बऱ्याच वेळानं खाल्ला त्यानं.

दुपारी गुलाबांतली मरिया बघायला चर्चमध्ये गेलो.
लाल झगा, मागे सोनं, वेलींत पाखरं,
बाळ गळ्याशी बिलगलंय
आणि हिची नजर भलतीकडेच,
चुलीवरचं दूध उतू जातंय का
असा कानोसा घेत असावी.
हे आर्माँला सांगायला वळले तर
बाकावर झोपलेला, तोंड उघडं.
दुकान गेलं तरी शरीर दोनलाच उठतं.

कोटाची बाही वर सरकलेली.
मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे व्रण,
भट्टीच्या दारानं एकेक करून दिलेले.
हा मारगो जन्मली त्या पहाटेचा,
घाईत हातमोजा विसरला होता.
हा नाताळचा. हा कसला, ते मीही विसरले.
सोन्यातल्या बाईकडे पाठ करून
मी तेच बघत बसले.

चर्च बंद करायला माणूस आला, चाव्या वाजवत.
मी ओठांवर बोट ठेवलं.
त्यानं मरियाकडे पाहिलं, आर्माँकडे पाहिलं,
आणि जुडगा मुठीत आवळून
मागच्या बाकावर
हळूच टेकला.