पालथा घडा

एकोणीस वर्षं कुमासीच्या या पॉलिटेक्निकात
सकाळी आठ ते दहा मी नुसता बोलत आलो.
तोंड फळ्याकडे, पाठ वर्गाकडे,
बाहीवर खडू, बाकांवर हरमटानची धूळ.
मुलं उतरवून घेईपर्यंत
अर्धा फळा पुसून झालेला असायचा.
पेपर तपासताना बायकोला म्हणायचो,
पालथे घडे आहेत, किती ओतू?

यंदा वर्गच पालथा केला.
व्याख्यान घरी, गणितं वर्गात.
रात्री शेजारचा जनरेटर थांबला की
कपाटाच्या दाराला कागद चिकटवून
मी तुळईचं वाकणं समजावतो
एका फोनला,
जो मान डोलवत नाही.

डेटा महाग. म्हणून फीफी एकटाच उतरवून घेतो
आणि मेमरी कार्ड हातोहात फिरतं,
हॉस्टेलातून मॅगझिनमधल्या गॅरेजपर्यंत.
तिथे क्वाबेना गिअरबॉक्सला फोन टेकवून बघतो.
त्याच्या वहीला ऑइलचा वास येतो.

पहिल्या आठवड्यात वर्गात काय करावं कळेना.
हात रिकामे, घसा रिकामा.
मुलं चार-चारच्या घोळक्यात भांडत होती,
मी लग्नात नवऱ्याच्या लांबच्या मामासारखा
टेबलाटेबलाशी जाऊन उभा राहत होतो.
कुणीतरी विचारलं,
"सर, नवव्या मिनिटाला पाणी मागते ती कोण?"
माझी अडोमा, म्हटलं. सहा वर्षांची.
वर्ग हसला. मीही.

मग सेनाम उठली.
केटाची. सहसा बोलत नाही.
"सर, चौदावं मिनिट.
टेकूच्या पुढे निघालेली तुळई.
तुम्ही सळ्या खाली दाखवल्यात.
माझे काका स्लॅब ओततात.
सज्जाला ते सळ्या वर घालतात."
थांबून म्हणाली,
"मी सात वेळा मागे नेऊन बघितलं.
वाटलं, माझंच चुकतंय."

फोन हातात घेतला, बघितलं.
चौदावं मिनिट. माझाच हात, माझंच चिन्ह.
सज्जा वरच्या अंगाला ताणला जातो,
हे मला झोपेतही ठाऊक आहे.
त्या रात्री बहुधा झोपेतच सांगितलं.

चूक कबूल करायला वेळ लागला नाही.
मुलं लगेच कामाला लागली,
क्वाबेनाने पट्टी टेबलाबाहेर काढून दाबली,
सेनामने फळ्यावर चित्र काढलं
आणि मी पहिल्यांदा
मागच्या बाकावर बसून उतरवून घेतलं.

पण ट्रोट्रोत बसल्यावर
दुसरंच काहीतरी टोचू लागलं.
फळ्याला मागे नेता येत नाही.
पुसलेल्याचा साक्षीदार नसतो.
एकोणीस वर्षांत किती सकाळी
मी पेंगत होतो, घाईत होतो, तापात होतो,
आणि ऐंशी मुलांनी मान खाली घालून
जसंच्या तसं उतरवून घेतलं?

अडमच्या चौकात गाडी अडकली.
वर चार मजले, चार सज्जे.
एकावर कपडे वाळत होते,
एकावर कुणी म्हातारी कठड्याला रेलून
खालची गर्दी बघत होती.

मी खिडकीतून मान बाहेर काढून
सज्जांच्या बुडाशी
तडे शोधत राहिलो.